दाढा काढल्यावर जखम कशी भरते आणि भाकरी कधी सुरू करायची

नाशिकरोडच्या एका मुलाने आईबद्दल विचारलं आहे. आईंचं वय 61, दहा वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. सहा दिवसांपूर्वी उजवीकडच्या खालच्या दोन आणि वरची एक अशा तीन दाढा काढल्या. खाली टाके आहेत, ते उद्या काढायचे आहेत. दुखणं आता बरंच कमी आहे, पण तेव्हापासून त्या नुसती पेज आणि दूध घेतात. खड्ड्यात पांढरं दिसतं, तो पू तर नाही ना? खड्डा भरणार कधी? भाकरी कधी चालेल? शेजारच्या काकू म्हणतात वरची दाढ काढली की नजर जाते, ते खरं का? आणि आईंना सकाळी मिसरी लावायची सवय आहे, ती किती दिवस बंद ठेवायची?

नाशिकमध्ये माझा दातांचा दवाखाना 24 वर्षं चालू आहे. हे प्रश्न रोजचेच. पण तुमच्या पत्रात मला ज्याची काळजी वाटली ते तुम्ही विचारलेलंच नाही, म्हणून ते आधी सांगतो.

सहा दिवस पेज आणि दूध, आणि मधुमेहाच्या गोळ्या नेहमीइतक्याच. यात साखर एकदम उतरू शकते, विशेषतः ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर. मग हातपाय थरथरतात, घाम फुटतो, गरगरतं, आणि घरात सगळे म्हणतात, दाढ काढल्यापासून फार अशक्तपणा आलाय हो. दाढ बिचारी केव्हाच गेलेली असते, अशक्तपणा उपाशी राहण्याचा असतो. उलटही होतं. तांदळाची पेज म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ पाणी, दुधात साखर घातलेली, कुणीतरी प्रेमाने आणलेला फळांचा रस. साखर 250 च्या पुढे जाते आणि मग जखम रेंगाळते. तेव्हा आजच रक्तातली साखर तपासा. 70 च्या खाली असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि त्यांच्या मधुमेहाच्या डॉक्टरांना फोन करा. गोळी मनाने बंद करायची नाही. जेवण वाढवायचं.

दाढ काढल्यावर जास्त खाऊन बिघडलेले पेशंट मी थोडेच पाहिले. खायला भिऊन आणि जखमेशी खेळून बिघडलेले पुष्कळ पाहिले.

आता त्या पांढऱ्याबद्दल. खालच्या दाढेला बहुधा दोन मुळं असतात, वरच्या दाढेला तीन. ती निघाली की हाडात तेवढाच खोल खड्डा राहतो आणि तो रक्ताने भरतो. रक्त गोठून जी गुठळी होते ती म्हणजे त्या जखमेवरचं झाकण, आणि पुढचं सगळं बांधकाम उभं राहतं तेही तिच्यावरच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून तिच्यावर पांढरट-पिवळसर साय धरते. साय फायब्रिनची, म्हणजे रक्त गोठताना होणाऱ्या धाग्यांच्या प्रथिनाची असते. बाहेरच्या जखमेवर खपली धरते, पण तोंड सतत ओलं, म्हणून तिथे खपलीऐवजी अशी मऊ साय दिसते. दुखणं रोज थोडं थोडं उतरतंय, सूज ओसरतेय, ताप नाही, तर ते पांढरं चांगलं लक्षण समजा. कापसाने पुसू नका, काडी तर मुळीच घालू नका. पू असेल तर तो दाबल्यावर वाहतो, चव खारट-घाण लागते, आणि दुखणं व सूज उतरायच्या ऐवजी चढत जातात.

आठवड्याभरात गुठळीच्या जागी लालसर, दाणेदार नवं मांस यायला लागतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत हिरडी वरून जुळत येते, दाढ मोठी असेल किंवा साखर जास्त असेल तर आणखी दोन आठवडे धरा. आतलं हाड मात्र सावकाश चालतं. दीड-दोन महिन्यांत खड्डा कोवळ्या हाडाने भरतो, ते पक्कं व्हायला चार ते सहा महिने लागतात. तोवर वरून जिभेला खळगा लागतच राहतो. तेव्हा महिन्याने आईंनी आरशात पाहून ‘अजून भरलं नाही’ म्हटलं तर घाबरू नका. मधेच कधी हिरडीतून टोकदार कण वर आल्यासारखा वाटेल. तो बहुतेक वेळा खड्ड्याच्या कडेचा हाडाचा बारीक तुकडा असतो, आपोआप निघून जातो. टोचत राहिला तर दवाखान्यात दोन मिनिटांचं काम आहे.

सगळ्यांना भीती असते त्या ड्राय सॉकेटबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण मी ते भोगलं आहे. माझी खालची अक्कलदाढ काढली तेव्हा मी नुकताच दवाखाना टाकला होता. पेशंटना सांगायच्या सूचना तोंडपाठ. दुसऱ्या दिवशी रविवार होता आणि मित्रांबरोबर गंगापूर रस्त्याला मिसळीला जायचं ठरलेलं. आपल्याकडे रविवारची मिसळ म्हणजे जवळजवळ धर्मकार्य, नाही म्हणवेना. गेलो. रस्सा कोमट करून पाव बुडवून खाल्ला, इथवर ठीक होतं. पण फरसाण आत गेलं, शेवेचा एक तुकडा नेमका खड्ड्यात अडकला. मी जिभेने ओढून पाहिला, निघेना. मग हात धुवायच्या जागी जाऊन खळखळून, जोर लावून सात-आठ चुळा भरल्या. शेव निघाली आणि तिच्याबरोबर गुठळीही. तिसऱ्या दिवशी रात्री जो ठणका सुरू झाला तो कानापर्यंत. गोळीने तासभर उतरायचा, पुन्हा तोच. ज्या सरांनी दाढ काढली होती त्यांच्याकडे खाली मान घालून गेलो.

ड्राय सॉकेटमध्ये होतं हेच. गुठळी निसटते किंवा विरघळते आणि खड्ड्यातलं हाड उघडं पडतं. ओळखायची खूण दुखण्याच्या चालीत आहे. साधं दुखणं पहिल्या दिवशी सर्वांत जास्त आणि मग उतरत जातं. हे आधी उतरतं आणि तिसऱ्या दिवसाच्या आसपास उलट चढतं, कानाकडे, कानशिलाकडे जातं, तोंडाला वास येतो, आणि खड्डा रिकामा, करडा दिसतो. साध्या दाढांमध्ये शंभरातल्या दोन-चार जणांना होतं, खालच्या अक्कलदाढेत बरंच जास्त. त्यावर घरी अँटिबायोटिक आणून घेण्यात अर्थ नाही, कारण मुळात तो जंतुसंसर्ग नसतो. खड्डा सलाईनने धुऊन त्यात औषधी पट्टी ठेवली की अर्ध्या-एक तासात माणूस हसतो. त्या पट्टीत लवंगेच्या तेलातलंच युजेनॉल असतं. म्हणून कुणी घरी खड्ड्यात लवंग किंवा लवंगेच्या तेलाचा बोळा कोंबतात. तसं करू नका, नुसतं तेल कोवळ्या मांसाला भाजतं. हळदीची पूडही खड्ड्यात भरायची नाही. दुधातून घ्या, हरकत नाही.

तुमच्या आईंचा सहावा दिवस आहे आणि दुखणं उतरलेलं आहे, म्हणजे ही वेळ जवळजवळ टळली आहे. पण घरात पुढे कुणाची दाढ निघेल तेव्हा लक्षात ठेवा, पहिले 24 तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉने पिणं नाही. थुंकी गिळायची. ती दिवसभर गुलाबी दिसते, कारण दोन थेंब रक्त वाटीभर लाळेत मिसळलं तरी सगळं लाल वाटतं. खरंच भळभळून रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजची घट्ट घडी ओली करून खड्ड्यावर ठेवा आणि अर्धा तास न उघडता चावून धरा. दर पाच मिनिटांनी काढून ‘थांबलं का’ बघितलं की ते थांबत नाही. गॉज नसेल तर चहाची पिशवी, म्हणजे टी-बॅग, भिजवून गार करून तशीच धरा, चहातल्या टॅनिनने रक्त गोठायला मदत होते. तरीही थांबलं नाही तर रात्र असो की पहाट, डॉक्टरांना उठवा.

आता चूळ भरायचीच आहे. एक पेला कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ. तोंडात घ्या, मान त्या बाजूला कलती करून अर्धा मिनिट धरा आणि बेसिनमध्ये नुसतं सोडून द्या. दिवसातून चार-पाचदा आणि दर जेवणानंतर. ब्रश बाकीच्या दातांवर पहिल्यासारखाच फिरवायचा. आईंनी सहा दिवस ब्रश केला नसेल, असं मला उगाचच वाटतंय. घाण तिथूनच खड्ड्यात उतरते. टाके निघाल्यावर एक प्लास्टिकची सिरिंज आणा, सुई फेकून द्या, कोमट मीठपाणी भरून खालच्या खड्ड्यात हलक्या हाताने सोडा. भाताचं शीत, तीळ, काय काय निघतं ते पाहून तुम्हीच चकित व्हाल. हिरडी जुळेपर्यंत रात्री झोपताना एवढं करा.

आणि जेवण. डावीकडच्या दाढा शाबूत आहेत असं धरून सांगतो, आईंनी आज दुपारीच डाव्या बाजूने मऊ पोळी खायला हरकत नाही. वरणात कुस्करून सुरुवात करा, संध्याकाळी नुसती भाजीशी. खड्डा भरायला लागतं प्रथिन, आणि पेजेत तेच नसतं. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, पेलाभर दुधातही साधारण तेवढंच, वाटीभर घट्ट वरणात थोडंफार तितकंच. म्हणून नुसत्या पेजेऐवजी मुगाचं कढण, मुगाची गुरगुटी खिचडी तूप घालून, पातळ पिठलं, दह्यात कालवलेला भात, अंड्याची मऊ भुर्जी, कुस्करलेलं पनीर, दुधी किंवा लाल भोपळ्याची मऊ भाजी. पेठ-सुरगाण्याकडची नागली, म्हणजे नाचणी, आपल्याकडे सहज मिळते. तिची पेज ताकात करा, साखर न घालता. नागलीत कॅल्शियम भरपूर असतं आणि तांदळाच्या पेजेपेक्षा मधुमेहाला बरी. धिरडं, मऊ इडली, उकडलेलं रताळं, तेही चालेल, मात्र रताळं बेताने.

‘जखमेला भात चालत नाही, पू होतो’ असं आपल्याकडे घराघरात म्हणतात. दह्यालाही तोच आरोप. दोघेही निर्दोष आहेत. भाताची अडचण एवढीच की शीत खड्ड्यात जाऊन बसतं आणि तिथेच आंबतं. म्हणून मऊ, गिजगा करून खायचा आणि नंतर चूळ भरायची.

अडकणाऱ्या बारीक वस्तूंकडे लोकांचं लक्षच नसतं. सगळे ‘कडक खाऊ नका’ म्हणतात, आणि मग चतुर्थीला भगर खाल्ली जाते. मोकळी शिजवलेली भगर म्हणजे खड्ड्यासाठी वाळूच. राजगिरा, तीळ, खसखस, फोडणीतली मोहरी, शेंगदाण्याचं जाडसर कूट, सगळं त्याच जातीचं. साबुदाण्याची खिचडी चिकटही आणि वर कुटाने भरलेली. या तीन-चार आठवड्यांत उपास आलाच तर भगर आसट शिजवा, दाण्याच्या आमटीऐवजी ताकाची कढी घ्या. खरं तर मधुमेह असताना आणि तोंडात जखम असताना उपास करूच नये, पण हे मी सांगून किती आई ऐकतात ते मला ठाऊक आहे. चिवडा महिनाभर बंद. पोह्याचा तळलेला पापुद्रा कडेला काचेसारखा असतो. द्राक्षं चालतील, दोन तुकडे करून डावीकडे, आणि साखर बघून मोजकीच.

तिखटाने जखम बिघडत नाही, झोंबते. आठवड्यानंतर आईंना झोंबत नसेल तर बेताचं तिखट खाऊ द्या. दहा दिवस फिक्कं खाऊन माणसाची भूकच मरते, आणि मग आपण त्याला कमी खाल्ल्याबद्दल ओरडतो.

भाकरी. बाजरीची कडक, पापुद्रा फुगलेली भाकरी अजून दोन आठवडे नको. ज्वारीची ताजी, मऊ भाकरी दुधात किंवा आमटीत काला करून परवापासून द्या. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात डाव्या बाजूने नेहमीसारखी, चौथ्या आठवड्यानंतर उजवीकडचे उरलेले दात वापरायला लागायचं. शेंगदाणे, हरभरे, ऊस यांना दीड महिना थांबवा.

नजरेचं म्हणाल तर, अजिबात खरं नाही. डोळ्याने दिसतं ते दृष्टीच्या मज्जातंतूमुळे, तो डोळ्याच्या मागून थेट मेंदूकडे जातो. दाढांना संवेदना देणारा तंतू निराळा आहे, आणि दाढेबरोबर तुटतात त्या त्याच्या केसाएवढ्या फांद्या. ही समजूत का पसरली असेल तर माझा आपला अंदाज असा, दाढा जायचं वय आणि मोतीबिंदूचं वय एकच. आईंना खरंच अंधुक दिसत असेल तर डोळे दाखवा, दहा वर्षांच्या मधुमेहात पडदा दरवर्षी तपासायलाच हवा.

वरच्या दाढेचं खरं नातं सायनसशी आहे. गालाच्या हाडातल्या त्या पोकळीच्या तळाला वरच्या दाढांची मुळं जवळजवळ टेकलेली असतात. पाणी पिताना नाकातून आलं, किंवा बोलताना खड्ड्यातून हवा जातेय असं वाटलं, तर उद्याच डॉक्टरांना सांगा. दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची.

मिसरीला मी दोन आठवडे किमान म्हणतो. भाजलेल्या तंबाखूची ती पूड, बोटाने नेमकी हिरडीवरच चोळली जाते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी मिळतं, बोटाच्या रेट्याने कोवळं मांस सोलवटतं. पण मला खरं विचाराल तर हे दोन आठवडे फुकट घालवू नका. त्या सहा दिवस मिसरीशिवाय राहिल्याच आहेत ना? म्हणजे अवघड टप्पा त्यांनी पार केलाय. ‘मिसरीने दात पक्के राहतात’ असं त्या म्हणतील. तीन दाढा हातात घेऊन त्यांच्याशी वाद घालू नका, फक्त डबी घरातून नाहीशी करा. गालात किंवा हिरडीवर पांढरा चट्टा, न भरणारा व्रण दिसतोय का, ते डॉक्टरांना उद्याच पाहायला सांगा.

औषधांबद्दल एक गोष्ट अवश्य विचारा. या वयात हाडं ठिसूळ म्हणून काहींना आठवड्याची अॅलेन्ड्रोनेटची गोळी किंवा वर्षातून एकदा झोलेड्रोनिक अॅसिडचं इंजेक्शन दिलेलं असतं. बायका ते सांगायचं विसरतात, कारण त्यांच्या लेखी ते गुडघ्याचं औषध असतं. या औषधांमुळे क्वचित जबड्याचं हाड भरत नाही, उघडं राहतं. आईंना कधी दिलं असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला, म्हणजे ते खड्डा जास्त दिवस नजरेखाली ठेवतील. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तीही स्वतःहून थांबवायची नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल पुरेसं व्हावं. आयब्युप्रोफेन वगैरे मूत्रपिंडाचा त्रास नसेल तरच, विचारून. अँटिबायोटिकमध्ये मेट्रोनिडाझोल असेल तर ते संपून तीन दिवस होईपर्यंत दारू नको. हे आईंसाठी नाही. द्राक्षांच्या गावात राहतो आपण, वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी लागेल.

उद्याची वाट न पाहता आजच निघायचं ते अशा वेळी: गिळायला त्रास होतोय, हनुवटीखाली कडक सूज आलीय, जीभ वर उचलल्यासारखी वाटतेय, श्वास अडतोय, किंवा तापासोबत तोंड उघडेनासं झालंय. मग दातांचा दवाखाना शोधत बसू नका, सरळ मोठं रुग्णालय गाठा. खालचा ओठ किंवा हनुवटी अजूनही बधिर असेल तर तो घाईचा प्रसंग नाही, पण सांगायचं जरूर.

पुढचं एक. खड्डा भरला की विषय संपला असं समजून लोक दोन-दोन, पाच-पाच वर्षं येत नाहीत. तोवर रिकाम्या जागेत शेजारचा दात कलतो, समोरचा खाली उतरतो, आणि जबड्याचं हाड रोडावतं. पहिल्या वर्षात त्या जागेची रुंदी साधारण निम्म्यावर येते, त्यातली बरीचशी घट पहिल्या तीन महिन्यांतच. आईंच्या तर एकाच बाजूच्या तीन दाढा गेल्यात, म्हणजे उजवीकडे चावायला फारशी जागा उरली नाही. मग माणूस नकळत मऊ खायला लागतो. भाकरी जाते, पालेभाजीच्या काड्या जातात, काकडी-गाजर जातं, ताटात पोहे, उपमा, बिस्किटं उरतात, आणि साखर का वाढतेय ते कुणाला कळत नाही. दोन महिन्यांनी काढता-घालता येणाऱ्या अर्ध्या कवळीचं माप घेता येतं, इम्प्लांटचं, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताचं, साधारण तीन-चार महिन्यांनी पाहावं, तेही साखर आटोक्यात असेल तर. HbA1c, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, सात-साडेसातच्या आसपास आणा, मग बोलू. खर्चाचा प्रश्न असेल तर पंचवटीच्या दंतमहाविद्यालयात विचारा. वेळ जास्त जातो, पैसे कमी लागतात.

टाके काढायला पाच मिनिटं लागतात, बहुधा भूलही लागत नाही. आईंनी ‘तिथे काही करणार असतील’ म्हणून सकाळपासून उपाशी बसू नये. गोळी घेऊन, वरणात कुस्करलेली पोळी खाऊन, चूळ भरूनच त्यांना घेऊन निघा.